मोटारीचा दम कोठें गेला?

मोटार अजिबात बंद पडली म्हणजे मालकाचा जीव घाबरा होतो खरा, पण मिस्त्रीचें काम सोपें होतें. बॅटरी उतरली असेल, तेल संपलें असेल, एखादी तार तुटली असेल; जें गेलें तें सांपडतें. खरी कसोटी लागते ती मोटार चालू असून चालेनाशी होते तेव्हां. सपाटीवर ती शहाण्या मुलासारखी वागते. पण घाट सुरू झाला, आंत सहा-सात माणसें व मागें सामान असलें, कीं अचानक तिचा जोर नाहींसा होतो. पाय कितीही दाबावा, एंजिन वेग घेत नाहीं. समोरच्या पाटीवर पिवळा दिवा लागतो. मागचा ट्रक भोंगा वाजवूं लागतो, आजी "अरे, कडेला घे" म्हणूं लागतात, आणि चालक दुसऱ्या गीअरमध्यें कशीबशी गाडी बाजूस नेतो. दोन मिनिटें थांबून किल्ली फिरवून पुन्हां सुरू करावी, तों गाडी पूर्ववत्! जणूं कांहीं झालेंच नव्हतें. दुसऱ्या दिवशीं कारखान्यांत नेली, तर तेथें ती एकही लक्षण दाखवीत नाहीं.

टर्बोचार्जर बसविलेल्या मोटारी आतां घरोघरीं झाल्या आहेत. डिझेलवर चालणाऱ्या जवळजवळ सर्वच, आणि पेट्रोलवर चालणाऱ्या लहान एंजिनांच्याही पुष्कळ. तेव्हां ह्या दुखण्याची थोडी माहिती घरांतील एका तरी माणसास असणें इष्ट आहे. पुढचें वाहन ओलांडावयास निघावें, समोरून बस यावी आणि नेमका त्याच क्षणीं जोर जावा, हा प्रसंग केवळ गैरसोयीचा नव्हे. दुसरा धोका खिशाचा आहे. निदान न करतां "टर्बो गेला, बदलावा लागेल" असें सांगणारे कारखाने थोडे नाहींत, आणि त्या एका वाक्याची किंमत पांच आंकड्यांच्या घरांत सहज जाते.

एंजिनाला इंधनापेक्षां हवाच कितीतरी अधिक लागते. एक किलो डिझेल जळावयास सुमारें साडेचौदा किलो हवा हवी. इंधन वाटेल तितकें आंत सोडतां येतें. अडते ती हवा. आल्फ्रेड ब्यूखी ह्या स्विस अभियंत्यानें १९०५ सालीं ह्यावर तोड काढून तिचें पेटंट घेतलें. एंजिनांतून वायां जाणाऱ्या तप्त धुरानें एक चक्र फिरवावयाचें, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोंकास दुसरें चक्र बसवावयाचें, आणि ह्या दुसऱ्या चक्रानें बाहेरची हवा दाबून एंजिनांत भरावयाची. कल्पना इतकीच, पण लहान मोटारींतील हें चक्र मिनिटास लाख-दोन लाख फेरे घेतें, त्याच्या एका बाजूस शेंकडों अंशांचा धूर असतो व दुसऱ्या बाजूस थंड हवा, आणि मधल्या दांड्याला आधार काय तो तेलाच्या पातळ थराचा! दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलर नांवाच्या जाळींतून थंड करून पुढें पाठवितात. ह्या सर्व प्रवासांत रबरी नळ्या, त्यांचे पट्टे व सांधे किती येतात, हें बॉनेट उघडून पाहिल्यास ध्यानांत येईल. बहुतेक दुखणीं त्या वाटेवरच दबा धरून बसलेलीं असतात.

उंचीवर टर्बोचें महत्त्व अधिक कां, हें १९१८ सालीं अमेरिकेंत सॅनफर्ड मॉस ह्यांनीं दाखवून दिलें. त्यांनीं विमानाचें एक लिबर्टी एंजिन ट्रकवर चढवून कोलोरॅडोंतील पाइक्स पीक ह्या सुमारें चौदा हजार फूट उंच शिखरावर नेलें. खालीं ३५० अश्वशक्ति देणारें तें एंजिन वर विरळ हवेंत सुमारें २३० वर आलें; टर्बो लावतांच तें पुन्हां ३५० च्या वर गेलें. आपल्याकडे पांचगणी समुद्रसपाटीपासून सुमारें १३०० मीटर उंच आहे. तेथील हवा मुंबईच्या मानानें आठव्या हिश्शानें विरळ असते. ही तूट टर्बो मुकाट्यानें भरून काढीत असतो. तो कामावर आला नाहीं म्हणजे लहान एंजिन आपल्या मूळच्या, तुटपुंज्या बळावर उघडें पडतें, आणि तेंही नेमकें चढावर.

आतां तो पिवळा दिवा व ती लंगडी चाल ह्यांविषयीं. नळींतील हवेचा दाब मोजणारें एक उपकरण असतें. किती दाब हवा होता व किती मिळाला, ह्याचा हिशेब मोटारींतील संगणक क्षणोक्षणीं ठेवतो. दोहोंत फार अंतर पडलें, मग तें कमी असो वा जास्त, तर तो एंजिनाच्या रक्षणासाठीं इंधन तोडतो व दाब उतरवितो. म्हणजे जोर गेला तो पुष्कळदां एखादा भाग मोडला म्हणून नव्हे, तर संगणकानें काढून घेतला म्हणून. किल्ली बंद करून पुन्हां लावली कीं तो नव्यानें हिशेब मांडूं लागतो; त्यामुळें गाडी बरी झाल्याचा भास होतो.

जोर असा बुद्ध्याच काढून घेण्याची युक्ति संगणकाच्या फार पूर्वींची आहे, हें वाचून कित्येकांस नवल वाटेल. १९६२ सालीं अमेरिकेंत ओल्ड्समोबिल कंपनीनें जेटफायर नांवाची टर्बोची मोटार विक्रीस आणली. तिचें साडेतीन लिटरचें एंजिन २१५ अश्वशक्ति देई. परंतु दाबलेल्या हवेमुळें पेट्रोल अवेळीं भडकून एंजिन ठोके देऊं लागे. तें टाळण्यासाठीं पाणी व मेथॅनॉल ह्यांचें मिश्रण थोडथोडें आंत सोडण्याची योजना केली होती, आणि त्याची टांकी मालकानें स्वतः भरावयाची होती. पुष्कळांनीं ती भरलीच नाहीं! टांकी कोरडी पडली कीं एक झडप आपोआप दाब अडवी आणि मोटारीचा जोर जाई. मालक तक्रार घेऊन येत, कीं गाडींत दम नाहीं. यंत्र तर आपलें काम चोख करीत होतें. अखेर १९६५ सालीं कंपनीनें ह्या गाड्यांचे टर्बो फुकट काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची तयारी दाखविली. पेट्रोलच्या लहान टर्बो-एंजिनांना त्या ठोक्यांचें भय आजही आहेच. मात्र आतां ते ऐकणारें उपकरण असतें व ठिणगीची वेळ मागें सारून जोर आपोआप कमी केला जातो. म्हणून पेट्रोलची गाडी नवें इंधन भरल्यापासूनच मंदावली असेल, तर ती गोष्ट मिस्त्रीला अवश्य सांगावी.

निदानाची पहिली पायरी म्हणजे दुखणें एंजिनाचेंच आहे ना, हें ठरविणें. चढावर एंजिनाचा आवाज वाढतो, फेऱ्यांचा कांटा वर जातो, पण गाडी त्या मानानें पुढें सरत नाहीं, तर दोष क्लचचा. टर्बोचा कांहीं संबंध नाहीं. एखाद्या चाकाजवळ जळका वास व विलक्षण उष्णता असेल, तर ब्रेक धरून राहिला आहे. एंजिनच वेग घेत नसेल तरच पुढें जावें.

मग विचारावें, कीं जोर एकाएकीं गेला कीं महिनोन्‌महिने हळूहळू ओसरला? हळूहळू ओसरला असेल, तर हवेची किंवा इंधनाची गाळणी पाहावी. हवेच्या गाळणीच्या डब्यांत उंदरांनीं कापूस व दाणे आणून संसार थाटल्याचें आपल्याकडे कांहीं दुर्मिळ नाहीं. एकाएकीं गेला व त्याच वेळीं "फट्" असा आवाज झाला, तर एखादी नळी सांध्यांतून निसटली असावी. सूं-सूं असा आवाज व मागें काळा धूर, असें असेल तर नळीला चीर आहे: मोजलेली हवा वाटेंत गळते, इंधन मात्र पूर्वींच्या हिशेबानें येतें, आणि अर्धवट जळून काळें होतें. धूर नाहीं, आवाज नाहीं, आणि भरधांव वेगांत वा चढावरच गाडी आंचके देते, तर डिझेलच्या गाळणीचा संशय घ्यावा. निळा धूर म्हणजे तेल जळत आहे. तेथें खरोखरच टर्बो पाहावयास हवा.

आमच्या परिचयांतील पुण्याच्या एका एकत्र कुटुंबाची सात जणांची डिझेल-मोटार वाई सोडून पसरणीचा घाट चढूं लागली, कीं दर खेपेस मध्येंच लंगडूं लागे. एका मोठ्या कारखान्यानें यंत्र लावून "पी-०२९९" हा आंकडा काढला आणि टर्बो बदलण्याचा अंदाज हातीं ठेवला. हा आंकडा खोटा नव्हता. पण त्याचा अर्थ एवढाच, कीं हवा तितका दाब मिळत नाहीं. ताप १०२ आहे हें थर्मामीटर सांगतो. तो हिंवतापाचा कीं विषमज्वराचा, हें तो सांगत नाहीं! कुटुंबांतील वडील काकांनीं पैसे देण्यापूर्वीं गाडी एका वयस्क मिस्त्रीस दाखविली. त्यानें बॉनेट उघडण्याआधीं विचारलें, "काका, जोर जातो तेव्हां कांहीं ऐकूं येतं का?"

काका म्हणाले, "नाहीं बुवा." पण धाकट्या सूनबाई म्हणाल्या, "येतं. मी डाव्या बाजूला बसते ना, कांच खालीं असली आणि शेजारीं डोंगराची कड आली, कीं सूं-सूं असा आवाज येतो."

मोकळ्या रस्त्यावर विरून जाणारा तो आवाज कातळावरून परत येत होता. मिस्त्रीनें हवा घेणाऱ्या नळीचें तोंड बंद करून आंत बेतानें थोडी हवा भरली आणि सर्व नळ्यांवर साबणाचें पाणी लावलें, सायकलचें पंक्चर शोधतात तसें. इंटरकूलरला जाणाऱ्या जाड नळीच्या खालच्या अंगास, जेथें डोळा पोंचत नाहीं तेथें, फेंस उठला. बोटभर चीर होती. दाब नसतां ती मिटलेली राही. भार पडून दाब चढला कींच तिचें तोंड उघडे. कारखान्याच्या आवारांत दाबच चढत नव्हता, मग दोष दिसावा कसा? नळी बदलली, पट्टा नवा बसविला. खर्च टर्बोच्या मानानें किरकोळ आला.

प्रत्येक वेळीं इतक्या स्वस्तांत सुटका होते असें मात्र नाहीं. पुष्कळ डिझेल-टर्बोंत धुराच्या चक्राभोंवतीं हलणारीं पातीं असतात. तीं मिटून-उघडून दाब कमी-जास्त करतात. काजळी सांचून तीं अडकलीं, कीं कधीं दाब पुरेसा चढत नाहीं, तर कधीं भलताच चढतो व "पी-०२३४" हा उलट आंकडा निघतो. कित्येकदां पातीं निर्दोष असून तीं हलविणारी निर्वाताची बारीक रबरी नळी तेवढी उष्णतेनें तडकलेली असते. काजळी साफ करतां येते. पण हें कसबी माणसाचें काम. आणि टर्बो खरोखरच गेला असेल, तर तो कां गेला हें विचारल्यावांचून नवा बसवूं नये. त्याला तेल पोंचविणारी नळी चोंदलेली असेल, तर नवाही थोड्याच दिवसांत जुन्याच्या वाटेनें जाईल. तेल वेळेवर व योग्य प्रतीचें बदलणें आणि लांब घाट चढून आल्यावर एंजिन मिनिटभर मंद चालूं देऊन मग बंद करणें, ह्या दोन गोष्टी टर्बोच्या आयुष्यास फार उपकारक आहेत.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत-स्टेज-६ ह्या नियमानंतरच्या डिझेल-गाड्यांत आणखी एक कारण संभवतें. त्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडविणारी गाळणी असते. सांचलेली काजळी जाळावयास सुमारें ६०० अंश उष्णता लागते. जी गाडी घरापासून मंडईपर्यंत व मंडईपासून देवळापर्यंतच फिरते, तिला ती उष्णता कधींच लाभत नाहीं. गाळणी चोंदते, धुरास वाट मिळत नाहीं, आणि जोर जातो. गाडी जपून वापरतों, असें अभिमानानें सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांस हें पटविणें अवघड जातें खरें!

घाटांतच जोर गेला तर काय करावें? इशाऱ्याचे दिवे लावावे, ओलांडण्याचा विचार सोडावा, खालच्या गीअरमध्यें रुंद जागेपर्यंत जावें व थांबावें. दिवा पिवळा असेल तर सावकाश मुक्काम गांठतां येतो. तेलाचा तांबडा दिवा लागला तर मात्र एंजिन तेथेंच बंद करावें. क्वचित् टर्बोंतून गळणारें तेलच पिऊन डिझेल-एंजिन आपोआप बेफाम धांवूं लागतें, मागें धुराचा लोट उठतो, आणि किल्ली काढली तरी तें थांबत नाहीं. हातानें गीअर टाकण्याची गाडी असल्यास ब्रेक घट्ट दाबून, सर्वांत वरचा गीअर टाकून क्लच सोडावा, म्हणजे एंजिन गुदमरून बंद पडतें. तें न साधलें तर सर्वांना उतरवून दूर उभें करावें. बॉनेट उघडण्याचें साहस करूं नये.

गाडी दुरुस्तीस नेतांना कागदावर चार ओळी लिहून न्याव्या: किती माणसें होतीं, कोणता चढ होता, कोणता गीअर, धूर कोणत्या रंगाचा, आणि किल्ली फिरविल्यावर जोर परतला कीं नाहीं. काढलेला जुना भाग मागून घ्यावा. आणि मिस्त्री रिकामी गाडी सपाट रस्त्यावर फिरवून आणून "झाली दुरुस्त" म्हणूं लागला, तर त्याला शेजारीं बसवून, मागें चार माणसें घेऊन, कात्रजच्या चढावर न्यावें आणि पैसे तेथून परत आल्यावर द्यावे.