लांडग्याचे कातडे आणि देवाचा श्वान : प्राणिरूपाशी होणाऱ्या तादात्म्याविषयी

इंग्रजीतील 'पॅक' हा शब्द मराठीत आणताना अनुवादकाची नेहमीच अडचण होते. 'कळप' म्हटले की डोळ्यांसमोर गुरे-मेंढरे येतात. 'टोळी' म्हटले की दरोडेखोर. लांडग्यांच्या समूहासाठी मराठीने वेगळा शब्द घडवला नाही. 'लांडगेतोड' हा शब्द मात्र घडवला, आणि तो ज्याचे लचके तोडले जातात त्याच्या बाजूने घडवलेला आहे. युरोपीय साहित्यात लांडग्यांचा समूह ही एक नियमबद्ध, मानकऱ्यांची श्रेणी असलेली संस्था म्हणून येतो आणि त्या संस्थेत माणसे स्वतःला पाहू इच्छितात. 'कळप' वा 'टोळी' यांपैकी कोणताही पर्याय निवडला तरी ही इच्छा अनुवादात हरवते. ती मुळात कशाची इच्छा आहे, याचा विचार तौलनिक अभ्यासात आवश्यक ठरतो.

या इच्छेला शास्त्राचा आधार मिळाला तो बराच उशिरा. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांच्या वर्तनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे १० मीटर रुंद व २० मीटर लांब आवारात जास्तीत जास्त दहा लांडगे ठेवलेले होते. अशा कोंडीत जी चुरस दिसली, तिच्यातून वर्चस्वाची उतरंड आणि शीर्षस्थानचा 'आल्फा' यांचे चित्र तयार झाले. डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या ग्रंथाने ते जगभर पोहोचवले. पुढे मेक यांनीच १९८६पासून कॅनडाच्या उत्तर टोकाकडील एल्समीर बेटावर मोकळ्या लांडग्यांचे निरीक्षण केले आणि १९९९ साली निष्कर्ष मांडला, की रानातील समूह बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते. पिल्ले वयात आली की लढून सत्ता घेत नाहीत. घर सोडून जातात आणि जोडीदार शोधतात. आपल्या जुन्या ग्रंथाचे पुनर्मुद्रण थांबावे म्हणून मेक यांनी पाठपुरावा केला. ते २०२२मध्ये थांबले.

साहित्याच्या अभ्यासकाला यात एक कालक्रम लक्षणीय वाटावा. नेत्याची शक्ती ओसरली की तरुण लांडगे त्याला आव्हान देतात, हे कथानक रडयार्ड किपलिंगने 'जंगल बुक'मध्ये १८९४ सालीच रंगवले होते. सिवनीच्या रानातल्या त्या समूहाला सभा आहे, कायदा आहे, आणि त्याच्या प्रमुखाचे नाव हिंदीतून उचललेले 'अकेला' असे आहे. प्रमुखाला एकाकीपणाचे नाव देण्यातली विसंगती किपलिंगला जाणवली असेलच. १९१६ साली बेडन-पॉवेल यांनी या कथेवरून लहान मुलांची 'वुल्फ कब' शाखा उभारली. शेंकेलच्या आधी अर्धे शतक वाचक या चित्राला सरावला होता. एकातून दुसरे निघाले असे सिद्ध करता येत नाही. पण पिंजऱ्यातल्या चुरशीला निसर्गनियम मानायला वाचकाचे मन तयार होते, एवढे म्हणता येते.

या कल्पनेचा जुना आणि अधिक गुंतागुंतीचा आविष्कार तेराव्या शतकातील आइसलँडिक 'व्होल्सुंग सागा'त सापडतो. सिग्मुंड आणि तरुण सिन्फ्योत्ली रानात भटकत असता त्यांना एका घरात दोन राजपुत्र झोपलेले आढळतात. त्यांच्या डोक्यावर लांडग्यांची कातडी टांगलेली असतात. दर दहाव्या दिवशीच त्यांना ती अंगावरून उतरवता येतात. हे दोघे ती कातडी पांघरतात आणि अडकतात. आवाज लांडग्याचा होतो, परंतु परस्परांचे बोलणे कळते. मग ते एक करार करतात : सात माणसांपर्यंत ज्याने त्याने एकट्याने निभवावे, त्याहून अधिक असली तर हाक द्यावी. सिन्फ्योत्ली अकरा जणांना एकट्याने मारतो, हाक देत नाही, आणि वर सिग्मुंडला टोचून बोलतो. सिग्मुंड त्याच्या गळ्याचा चावा घेतो. नंतर त्याला पाठीवर घेऊन जातो आणि लांडग्याच्या रूपाला शाप देत त्याच्याजवळ बसून राहतो. एका कावळ्याने आणलेल्या पानाने जखम बरी होते. कातडी उतरवण्याचा दिवस येताच दोघे ती जाळून टाकतात.

सिन्फ्योत्ली हा सिग्मुंडचाच, त्याच्या जुळ्या बहिणीपासून झालेला पुत्र आहे. वाचकाला हे ठाऊक असते, सिग्मुंडला नसते. तो त्याला शत्रूचा मुलगा समजतो. म्हणजे सागातला हा 'समूह' बाप-लेकांचाच आहे, मेक यांच्या निरीक्षणाशी जुळणारा; पण कथेत ते नाते झाकलेले आहे आणि त्याच्या जागी करार आला आहे. खऱ्या लांडग्यांना बांधते ते जन्माचे नाते. लांडगा झालेल्या माणसांना बांधते ती संख्येची अट आणि हाक देण्याची शपथ. जुन्या नॉर्स भाषेत 'वार्ग्र' या शब्दाचा अर्थ लांडगा आणि समाजाबाहेर टाकलेला अपराधी असा दुहेरी आहे. कुळाच्या बाहेर पडलेल्यांना नवे बंधन लागते आणि लांडग्याचे कातडे ते पुरवते. ('वार्ग्र'हून वेगळा असलेला नॉर्स 'उल्फ्र' आणि संस्कृत 'वृक' एकाच मुळाचे. महाभारताने मात्र भीमाला वृकाचे पोट दिले, कातडे दिले नाही.)

अशा वीरसंघांचा अभ्यास विसाव्या शतकात निष्पापपणे झालेला नाही. ओटो ह्योफ्लर यांनी १९३४ साली जर्मानिक गुप्तसंघांवर लिहिले ते नाझी राजवटीच्या छायेत, आणि त्या राजवटीच्या संशोधनसंस्थेशी त्यांचा संबंध होता. तरीही प्रश्न त्यांच्याबरोबर संपला नाही. स्टिग विकांडर यांनी १९३८मध्ये आणि हॅरी फाल्क यांनी १९८६मध्ये वैदिक बाजू तपासली. फाल्क यांनी व्रात्यांच्या संघांचा श्वान व वृक यांच्याशी संबंध जोडला. व्होल्गा खोऱ्यातील क्रास्नोसामार्स्कोये येथील कांस्ययुगीन स्थळी हिवाळ्यात बळी दिलेल्या अनेक कुत्र्यांची व काही लांडग्यांची हाडे मिळाली. डेव्हिड अँथनी व डॉर्कस ब्राउन यांनी २०१७ साली त्यांचा अर्थ तरुणांच्या दीक्षाविधीशी लावला.

याच धाग्याने गुंथर सोन्थायमर खंडोबाच्या वाघ्यांपर्यंत आले. नाव वाघाचे, गळ्यात व्याघ्रचर्माची भंडाऱ्याची पिशवी, पण वर्तन कुत्र्याचे. कोटंब्यात वाढलेले अन्न वाघ्या भुंकत, गुरगुरत खातो. कर्नाटकातील मैलार येथे काळे कांबळे पांघरलेले गोरवय्या हेच करतात. खंडोबाच्या मूर्तीत घोड्याजवळ कुत्रा असतोच, आणि शतरुद्रीयात श्वान व श्वानांचे स्वामी यांना रुद्ररूप मानून वंदन आहे. सोन्थायमर यांना त्यात व्रात्यपरंपरेचा अवशेष दिसला.

हा अन्वयार्थ मोहक आहे, पण मधले अंतर दोन सहस्रकांहून अधिक आहे आणि दुवे विरळ आहेत. शिवाय एक भेद त्याने पुसट होतो. खंडोबा हा धनगरांचाही देव. मेंढपाळाच्या जगात लांडगा आणि कुत्रा हे एकमेकांचे वैरी. गुरे पळवणाऱ्या वीरसंघाने लांडग्याचे रूप घ्यावे आणि मेंढरे राखणाऱ्यांच्या देवाच्या भक्ताने कुत्र्याचे, यात संगती आहे. लांडग्याला धनी नसतो. कुत्र्याची सारी ओळख धन्याकडून येते. भक्तिशास्त्राच्या परिभाषेत सारूप्य म्हणजे देवासारखे रूप मिळणे, सामीप्य म्हणजे त्याच्याजवळ असणे. वाघ्या देवाचे रूप घेत नाही. देवाच्या पायाशी बसणाऱ्या प्राण्याचे घेतो. हे सामीप्यासाठी स्वीकारलेले रूपांतर आहे, आणि युरोपीय प्रतिमानात त्याला सहज जागा सापडत नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून पाश्चात्त्य जगात काही व्यक्ती स्वतःला 'थेरियन' म्हणवतात. आपण आतून लांडगा वा अन्य प्राणी आहोत, अशी त्यांची धारणा असते. तिचे प्रमाण आत्मानुभव हे आहे. वाघ्याबाबत तसे म्हणता येत नाही. अपत्य व्हावे म्हणून आई-बाप नवस बोलत आणि झालेले मूल देवाला वाहत. मुलगा वाघ्या होई, मुलगी मुरळी. कोणी मोठेपणी स्वतः दीक्षा घेतो हेही खरे. परंतु नवसाने वाहिलेल्या मुलाचे श्वानत्व आई-बापांच्या शब्दातून येते. त्याला 'तादात्म्य' म्हणायचे तर कर्ता कोण, हे आधी सांगावे लागेल. सिग्मुंडला कातडे जाळता आले. वाघ्याच्या जागरणात लोखंडी साखळी एका हिसक्यात तोडण्याचा विधी आहे, त्याला 'लंगर तोडणे' म्हणतात; ती तुटते आणि जागरण पुढे चालू राहते.