जनित्राचे वापरलेले सुटे भाग : आधी माप, मग मोल

इंद्रायणीकाठच्या देहूहून तळवड्याकडे निघाले की थोड्याच अंतरावर लहान कारखान्यांच्या शेड दिसू लागतात. पिंपरी-चिंचवड व चाकण येथील मोठ्या वाहन कारखान्यांना लागणारे असंख्य भाग या पट्ट्यात तयार होतात. ठरल्या दिवशी माल पोहोचला नाही, तर पुढील मागणी हातची जाण्याचा संभव असतो. म्हणूनच वीजपुरवठा खंडित झाला की लघुउद्योजकाची सारी भिस्त डिझेल जनित्रावर असते. 2006 मध्ये पुणे परिसरातील उद्योगांनी स्वतःची जनित्रे चालवून वीजजालावरील मागणी कमी केली आणि शहराला भारनियमनातून दिलासा मिळाला, हे अनेकांना स्मरत असेल.

जनित्राचे आयुष्य मोठे असते. परंतु यंत्र जुने झाले की त्याचे नवे भाग महाग पडतात, काही तर मिळेनासे होतात. अशा वेळी वापरलेले भाग घेण्यात गैर काही नाही. मात्र एक नियम कटाक्षाने पाळावा : ज्या भागाची झीज मोजता येते तो जुना घेण्यास हरकत नाही, ज्याची झीज डोळ्यांना अथवा मापाला दिसत नाही तो नवाच घ्यावा.

मोजून घेण्याजोगे भाग

क्रँकशाफ्ट घेताना त्याच्या जर्नलचा व्यास मायक्रोमीटरने निरनिराळ्या ठिकाणी मोजावा. झिजलेला शाफ्ट घासून, साधारणतः पाव मिलिमीटरच्या टप्प्याने, लहान केलेला असतो. तो नेमक्या कोणत्या टप्प्यावर आहे हे ठाऊक असल्याशिवाय योग्य बेअरिंग मिळणार नाही. शाफ्ट वाकलेला नाही ना हे पाहून चुंबकीय पद्धतीने तड्यांची तपासणी करून घ्यावी. सिलिंडर हेडची सपाटी पाहावी व पाण्याच्या दाबाखाली त्याची परीक्षा करावी. इंधनपंप व नोझल चाचणी-यंत्रावर लावूनच स्वीकारावेत. फवारा एकसारखा न पडता थेंब गळू लागले, तर धूर वाढतो आणि डिझेलचा खर्चही वाढतो.

अल्टरनेटरच्या वेटोळ्यांच्या इन्सुलेशनचा रोध 500 व्होल्टच्या मेगरने पाहावा. तो एक मेगोहमपेक्षा कमी भरल्यास वेटोळी दमट असण्याचा संभव असतो. ती वाळवून पुन्हा मोजावीत; तरीही आकडा सुधारला नाही, तर तो अल्टरनेटर घेऊ नये.

जुने घेऊ नयेत असे भाग

गॅस्केट, ऑइल सील, फिल्टर, पट्टे, रबरी नळ्या, पिस्टन रिंग व बेअरिंग ही नवीच घ्यावीत. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टबाबत तर तडजोड नकोच. ताणला गेलेला बोल्ट वरून नव्यासारखा दिसतो. तो चालत्या इंजिनात तुटला तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो आणि शेजारी उभ्या असलेल्या कामगाराच्या जिवावर बेतू शकते. वंगणाचा दाब घटताच इंजिन बंद करणारा स्विचही याच यादीत मोडतो. ‘एव्हीआर’ या नावाने ओळखला जाणारा व्होल्टेज नियंत्रक सदोष असल्यास व्होल्टेज एकाएकी चढते आणि त्याचा फटका महागड्या सीएनसी यंत्राच्या नियंत्रण-पेटीला बसतो. वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट हानी एका क्षणात होते.

पन्नास आणि साठ सायकल

आपल्याकडील वीज 50 सायकलची असते व चार ध्रुवांचे जनित्र मिनिटाला 1500 फेरे घेते. मोडीत काढलेल्या जहाजांवरील जनित्रे मात्र बहुधा 60 सायकलची व 1800 फेऱ्यांची असतात. 440 व्होल्टचा असा अल्टरनेटर 1500 फेऱ्यांवर चालविल्यास व्होल्टेज त्याच प्रमाणात उतरून सुमारे 367 वर येते. म्हणून नामपट्टीवरील सर्व आकडे वाचल्याविना सौदा करू नये. 1 जुलै 2023 पासून लागू झालेल्या प्रदूषणविषयक मानकांनुसार तयार झालेल्या अनेक इंजिनांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतात. दुसऱ्या इंजिनाचा नियंत्रक त्यात केवळ बसवून भागत नाही. त्यातील माहिती त्या इंजिनाशी जुळावी लागते.

पावतीचे महत्त्व

चिखलीजवळील कुदळवाडी भंगार मालाच्या गोदामांसाठी अनेक वर्षे परिचित होती. फेब्रुवारी 2025 मध्ये महानगरपालिकेने तेथील अनधिकृत बांधकामे हटविली. ओळखीचा विक्रेता उद्या त्याच जागी भेटेलच, असे गृहीत धरता येत नाही, हा त्यातील धडा होय. भागाचा क्रमांक, विक्रेत्याचे नाव व पत्ता, जीएसटी क्रमांक आणि परत घेण्याची मुदत असलेली पावती अवश्य घ्यावी. चोरीचा माल चोरीचा आहे हे जाणून घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 नुसार गुन्हा आहे. पावती देण्यास कां-कूं करणाऱ्या विक्रेत्याकडील माल कितीही स्वस्त असला, तरी तो नाकारणेच श्रेयस्कर.

भाग बसविल्यावर जनित्र प्रथम भाराविना, नंतर क्रमाक्रमाने भार वाढवून चालवावे आणि दाब, तापमान व व्होल्टेज यांची वहीत नोंद ठेवावी. तुकोबांनी सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. ते वैराग्य थोरांचे होते; कारखाना चालविणाऱ्याने मात्र आपली पावती आणि आपली वही जपून ठेवावी, हेच हिताचे.