यंत्राचे कान आणि गायकाचा कंठ

संगीतरचनेच्या कामी संगणकाचा उपयोग ही आजची गोष्ट नव्हे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर व लिओनार्ड आयझॅकसन यांनी १९५७ साली ‘इलिॲक’ या संगणकाच्या साहाय्याने चार तंतुवाद्यांसाठी एक रचना सिद्ध केली. त्यांची पद्धत मुख्यतः अशी होती : यंत्राने स्वर वाटेल तसे निवडावेत आणि पाश्चात्त्य संगीताचे नियम मोडणारे स्वर टाकून द्यावेत. म्हणजे नियम माणसाचे होते. यंत्र केवळ चाळणीचे काम करीत होते.

आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची रीत याहून भिन्न आहे. तिला नियम सांगितले जात नाहीत. असंख्य ध्वनिमुद्रणे उदाहरणादाखल पुरविली जातात व त्यांतून ती स्वतःच साम्य आणि भेद शोधून काढते. कोणत्याही स्वरात मूळ कंपनासोबत अनेक उपस्वर मिसळलेले असतात. त्यांच्या कमीअधिक प्रमाणामुळे एकच षड्ज दोन गायकांनी लावला, तरी आपण त्यांचे कंठ वेगळे ओळखतो. हे प्रमाण आता यंत्रालाही ओळखता येते. साहजिकच ते मिसळलेले आवाज सुटे करू शकते आणि एखाद्याच्या कंठाची नक्कलही करू शकते.

पहिल्या शक्तीचे उत्तम उदाहरण ‘बीटल्स’ या इंग्लिश वाद्यवृंदाचे आहे. जॉन लेनन यांनी १९७०-८०च्या दशकाच्या उत्तरार्धात घरी ध्वनिफितीवर एक गीत मुद्रित केले होते. परंतु त्यांचा आवाज पियानोच्या नादात बुडाला होता. १९९५ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पूर्ण करण्याचा प्रयत्न सोडून दिला. पुढे यंत्राने कंठ आणि पियानो यांची फारकत केली आणि २०२३ मध्ये ते गीत प्रसिद्ध झाले. येथे यंत्राने नवा आवाज निर्माण केला नाही. होता तो मोकळा केला.

दुसरी शक्ती अधिक नाजूक आहे. २०२४ च्या ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटातील एका गीतासाठी ए. आर. रहमान यांनी शाहुल हमीद व बंबा बाक्या या दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राकरवी पुन्हा घडविले. त्यासाठी त्यांनी कुटुंबीयांची अनुमती घेतली व मोबदलाही दिला. त्याच वर्षी जुलैमध्ये गायक अरिजित सिंह यांच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या संमतीवाचून त्यांच्या आवाजाची अशी नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली. तंत्र एकाच जातीचे. भेद केवळ संमतीचा.

यावर कोणी म्हणेल, शिष्यही गुरूचे गाणे ऐकूनच शिकतो. मग यंत्राचा दोष कोणता? आपल्या परंपरेत याचे उत्तर आहे. गंडाबंधनाच्या वेळी गुरू शिष्याला पाहून, पारखून पत्करतो. आपली विद्या कोणाच्या हाती जात आहे, हे तो जाणतो. यंत्राला पुरविलेल्या ध्वनिमुद्रणांतील गायक-वादकांना मात्र बहुधा कोणी विचारलेलेही नसते. नामवंतांना न्यायालयाचे दार ठोठावता येते. परंतु समूहस्वरात गाणाऱ्या, अथवा गीतामागे सारंगी वाजवणाऱ्या आणि श्रेयनामावलीत ज्याचे नावही नसते अशा कलावंताचे काय? नव्या साधनाचे मोल ठरविताना त्याचा विचार आधी व्हावयास हवा.