अनपेक्षित निवड : आशा धरावी की निराशा?

बैलबाजारात वासराचे दात, खांदा, चाल सगळे नीट पाहिले, तरी ते पुढे नांगराला कसे चालेल हे त्या दिवशी कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. अमेरिकेतील बेसबॉलच्या संघांना तरुण खेळाडू निवडताना हीच अडचण येते. इथे तर प्रश्न माणसाच्या पोराचा असतो!

आपल्या आयपीएलमध्ये लिलाव होतो. ज्याची बोली मोठी त्याचा खेळाडू. बेसबॉलची रीत निराळी. तेथे १९६५ पासून शाळा-कॉलेजांतील नवी मुले संघ पाळीपाळीने निवडतात आणि दुबळ्या संघांना आधी संधी मिळते. २०२३ पासून पहिल्या सहा पाळ्या सोडतीने ठरतात, तरी पारडे दुबळ्यांकडेच झुकते. श्रीमंतांनीच सारी गुणी पोरे नेऊ नयेत, हा हेतू.

आता एक उदाहरण घ्या. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रॉस हा संघ २०११ साली १६२ पैकी १०६ सामने हरला. म्हणून २०१२ ची पहिली निवड त्याच्याकडे आली. मार्क अपेल किंवा बायरन बक्स्टन यांपैकी एकाचे नाव येणार, असा बहुतेकांचा अंदाज. संघाने घेतला पोर्तो रिकोचा सतरा वर्षांचा कार्लोस कोरेया!

अशा वेळी चाहत्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, "पैसे वाचवले, दुसरे काय?" दुसरा म्हणतो, "जरा थांबा, यात काही हिशेब असेल."

गंमत अशी, की दोघांचेही थोडे थोडे खरे होते. पहिल्या दहा फेऱ्यांतील प्रत्येक पाळीला ठराविक रक्कम नेमलेली असते आणि त्यांची बेरीज ही संघाची थैली. पहिल्या पाळीची रक्कम होती ७२ लाख डॉलर. कोरेया ४८ लाखांवर राजी झाला. उरलेल्या पैशांच्या बळावर संघाने ४१ व्या पाळीला लान्स मॅकलर्स हा गोलंदाज घेतला आणि त्याला नेमल्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे २५ लाख दिले. एका पोत्याच्या दामात दोन पोती बियाणे म्हणा ना!

पण पीक लगेच आले नाही. २०१३ साली संघ १११ सामने हरला. पुढे २०१५ मध्ये कोरेया आपल्या लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०१७ मध्ये संघाने अजिंक्यपद जिंकले. निर्णायक सामन्याची सुरुवातीची गोलंदाजी मॅकलर्सचीच होती. मात्र त्या मोसमात संघाने प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याचे उघड होऊन २०२० मध्ये त्याला शिक्षा झाली, हेही सांगितले पाहिजे.

आणि अपेल? त्याला याच संघाने २०१३ साली पहिल्या पाळीला घेतले. तो वरच्या श्रेणीत उतरला तो २०२२ साली, तिसाव्या वर्षी, तेही फिलाडेल्फियाकडून. म्हणजे सर्वांनी वाखाणलेली निवडही हुलकावणी देते.

तेव्हा आशा धरावी, पण डोळे उघडे ठेवून. निवड का केली, वाचलेले कुठे घातले, मुलाला वाढायला किती वर्षे दिली, हे आधी विचारावे. शिक्षक बंधुभगिनींनो, पहिल्या चाचणीच्या गुणांवरून वर्गातल्या पोराचा निकाल लावताना हे तीन प्रश्न आपणही स्वतःला विचारून पाहावेत.