कुंची, वाकळ आणि नातीचं कापडी पुस्तक

बेळगाव-खानापूरकडच्या जुन्या घरातली ट्रंक उघडली की त्यात एक तरी चिंध्यांचं बोचकं निघतंच. इरकलीचा फाटका काठ, खणाचे तुकडे, धोतराची पट्टी, झबल्यातून उरलेलं कापड. आपण इतिहासाची आवड असलेली माणसं मोडी कागद दिसला की जपतो, ताम्हण-समई जपतो, आणि हे बोचकं मात्र बोहारणीला देऊन एखादं पातेलं घेतो. मीही दिलंय, खोटं कशाला सांगू. नातीसाठी कापडी पुस्तक शिवायला बसले तेव्हा कुठे डोळे उघडले.

आपल्याकडे बाळासाठी शिवणं म्हणजे बाळंतविडा: झबली, टोपडी, दुपटी आणि कुंची. कुंची म्हणजे डोकं झाकून पाठीवरून खाली लोंबणारी टोपी, खणाची असली तर मानाची. शेजारच्या कानडी घरात तिलाच कुंचिगे म्हणतात. खण बागलकोटकडच्या गुळेदगुड्डचा. तो अरुंद विणतात आणि दोन्ही कडांना काठ असतो, त्यामुळे शिवणारणीला वेगळी किनार लावावी लागत नाही. काठ चेहऱ्याभोवती येईल अशी घडी घातली की झालं. दुपट्याला मात्र नवं कापड कुणी घेत नसे. नव्या कापडात खळ असते, ते टोचतं. शंभर वेळा धुतलेलं सुती लुगडं मऊ होतं, ओल लगेच टिपतं, रात्रीतून वाळतं. यात काटकसर होती, पण शहाणपण जास्त होतं.

खरा खजिना वाकळीत. कानडीत ती कौदी. जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे, वर तुकडे जोडायचे आणि कडेपासून आत धावदोरा घालत यायचं, चौकोनात चौकोन. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या सिद्दी बायका असंच कवंद शिवतात. त्यांच्या कवंदाच्या कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची ‘फुलं’ असतात. ती नसतील तर कवंद उघडं राहिलं असं त्या मानतात. वाकळ फाटली की टाकत नाहीत, वर नवा थर चढवतात. म्हणजे सगळ्यात जुनं कापड सगळ्यात आत.

सासूबाईंची वाकळ उसवली तेव्हा आतून एक पांढरं धोतर निघालं. कोपऱ्यात धोब्याची काळ्या शाईची खूण, अजून ठळक. धोतर कुणाचं, ते सांगणारं घरात कुणी उरलं नव्हतं. सासूबाईंनी एका नजरेत ओळखलं असतं. त्या असताना विचारायचं मला सुचलं नाही.

आता पुस्तकाकडे येऊ. कापडी पुस्तक ही काही आपल्या आजीची कल्पना नव्हे. लंडनच्या डीन्स रॅग बुक कंपनीने 1903 पासून मुलांसाठी कापडावर छापलेली पुस्तकं काढली. बटणं, नाड्या, गाठी यांची पानं आली ती माँटेसरीबाईंकडून. रोममध्ये 1907 साली त्यांचं पहिलं बालगृह निघालं. त्यांच्या साहित्यात बटणं लावायच्या, नाड्या बांधायच्या चौकटी असत. ही पद्धत मराठी घरांपर्यंत आणण्यात ताराबाई मोडकांचा वाटा मोठा, आणि त्याची सुरुवात गिजुभाई बधेकांबरोबर गुजरातेत, भावनगरला झाली. मला यातली मौज अशी वाटते, की आजीचा धावदोरा आणि माँटेसरीची चौकट नातीच्या एका पानावर शेजारी बसतात.

शिवायचं कसं? 17 इंच लांब आणि 9 इंच रुंद असे सहा तुकडे घ्या. दोन-दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून, अर्धा इंच शिलाई सोडून शिवा, चार इंच तोंड उघडं ठेवून उलटा, आत जुन्या धोतराचा एक थर सरकवा आणि तोंड शिवून टाका. असे तीन जोड एकावर एक ठेवून मधोमध पक्की शिलाई घातली की 8 इंची बारा पानं तयार. पानांवरचं सगळं काम जोड शिवण्यापूर्वी करायचं, म्हणजे गाठी आत लपतात. इथेच माझी फजिती झाली. कुंचीचं पान पहिलं हवं होतं, ते गेलं पाचवं. लक्षात ठेवा: एका तुकड्यावरच्या दोन पानांच्या आकड्यांची बेरीज 13 यायला हवी. बाराजवळ एक, दोनाजवळ अकरा, असं.

माझ्या पुस्तकात कुंचीच्या नाड्या बांधायच्या आहेत, तीन पदरी वेणी घालायची आहे, तुळशीवृंदावनाला पानं चिकटवायची आहेत, आणि खिशातून ‘क’ काढून कुंद्याच्या डब्यावर लावायचा आहे. नात बंगळुरात वाढतेय. पाळणाघरात कानडी, बाकी इंग्रजी. मराठी अक्षर तिच्या हाताला लागावं एवढाच हट्ट. तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी बटणं, मणी नकोतच. सुटलं की थेट तोंडात जातं. नाड्याही वीतभराहून आखूड ठेवा.

काय कापायचं, यावर आमच्या घरी वाद झाला. नणंद म्हणाली, “कशाला कापतीस गे, असू दे की तसंच.” तिचं अर्धं खरं आहे. धड इरकल, धड खण कधीही कापू नये. विरलेलं, फाटलेलं असेल तेवढंच घ्यावं, तेही आधी पूर्ण उलगडून फोटो काढून. इरकलीत अंगाचे उभे धागे वेगळे आणि पदराचे रेशमी वेगळे; ते फासे एकमेकांत अडकवून जोडतात, याला टोपे-तेनी म्हणतात. त्या सांध्यावर कात्री लावली तर फासे सुटत जातात, आणि शहापूर-वडगावच्या विणकर वस्तीतसुद्धा ते पुन्हा जोडून देणारा सहज मिळायचा नाही. सांधा आख्खा ठेवा. जुना रेशमी खण धुवायच्या आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा चोळून रंग जातो का बघा, आणि मागे मलमलीचं अस्तर लावा, नाहीतर टाक्याबरोबर चिरतो.

आणि प्रत्येक पानाच्या कडेला आत दुमडलेली एक पट्टी शिवा. तिच्यावर न जाणाऱ्या शाईने लिहा: कापड कुणाचं, नातं काय, गाव कुठलं, साधारण कधीचं. मी अकरा पानांवर लिहिलंय. बाराव्या पानाला ते धोतर लावलंय, धोब्याची खूण वर ठेवून. त्याची पट्टी कोरी आहे. शहापूरच्या चुलत सासूबाई नव्वदीच्या आहेत, पुढच्या रविवारी पुस्तक घेऊन त्यांच्याकडे जायचंय.