साहेब आता घरीच असतात

महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत ३१ मे रोजी निरोप समारंभांची गर्दी असते. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या पिढीतल्या मुलांना शाळेत घालायला दादा नाहीतर चाचा घेऊन जात, जन्मतारीख कुणाला आठवत नसे, आणि गुरुजी दाखल रजिस्टरात १ जून लिहून मोकळे होत. एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून वयाची ५८ वर्षे भरली की एका गुरुजींच्या लेखणीने शेकडो माणसे एकाच दिवशी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ घेऊन घरी येतात. (घड्याळच का देतात, हे आम्हांला अजून उमगलेले नाही.) प्रत्येक भाषणात एक वाक्य ठरलेले असते: साहेबांचे पुढील आयुष्य कुटुंबासमवेत आनंदात जावो.

हे कुटुंब कसे असते, ते मात्र भाषण करणाऱ्याला माहीत नसते. कधी कधी साहेबांनाही नसते.

आमच्यापैकी कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले, कुणी टपाल वाटले, कुणी एसटीचे स्टिअरिंग धरले, कुणी तलाठी सज्जात सातबारे लिहिले, कुणी पोलिसांत होते. अशा नोकरीत दर काही वर्षांनी बदली होते. मुलांच्या शाळा मोडू नयेत म्हणून बायको-मुले गावी राहिली आणि आम्ही बदलीच्या ठिकाणी खोली घेऊन राहिलो. शनिवारी रात्रीच्या गाडीने यायचे, सोमवारी पहाटे निघायचे. शिक्षकांच्या मागे जनगणना आणि निवडणूक; पोलीस आणि एसटीवाल्यांच्या मागे सण. ईदच्या दिवशी लोकांना आपापल्या गावी पोहोचवणारा चालक स्वतः मात्र वाटेतल्या एखाद्या मशिदीत घाईने ईदची नमाज गाठतो, डब्यातल्या शेवया खातो. तीसएक वर्षे असे गेल्यावर माणूस घरी येतो, तेव्हा तो घरातला कर्ता असतो खरा, पण घराच्या दिनक्रमात त्याची जागा पाहुण्याची असते.

त्यात घर रिकामे पडून तुमची वाट पाहत बसलेले नसते. दूधवाल्याचा हिशेब कोण ठेवते, गॅस कधी संपतो, धाकटी सून कोणत्या दिवशी माहेरी जाते, मोहल्ल्यात कुणाकडे मय्यत झाली तर जेवण कुठून जाते, हे सगळे तुमच्याविना ठरून गेलेले असते. आणि साहेब दुसऱ्या आठवड्यात विचारू लागतात, ‘मसाल्याचे डबे इकडे का ठेवलेत? तिकडे ठेवले तर बरे पडेल.’ ज्या बाईने अख्खे आयुष्य एकटीने घर चालवले, तिला आता शेरे मिळू लागतात. दुपारी जोहरनंतर शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसत, सुपाऱ्या कातरत गप्पा होत. आता ओट्यावर साहेब वर्तमानपत्र घेऊन बसलेले, म्हणून त्या दारातूनच परत जातात. नवऱ्याच्या निवृत्तीने बायकोची दुपार जाते, ही गोष्ट निरोप समारंभात कुणी बोलत नाही.

हजरत आयेशा (रजि.) यांना कुणी विचारले होते, पैगंबर (स.) घरात काय करीत असत? त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. ही हदीस बुखारीत आहे आणि आमच्या मशिदींतून पुष्कळदा सांगितली जाते. तिच्यात देखरेख हा शब्द नाही, काम आहे. ज्या घरांत हे समजले तिथे गाडी लवकर रुळावर आली असे आम्ही पाहिले आहे. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी फजरनंतरचा चहा आणि बाजार एवढी दोनच कामे कायमची अंगावर घेतली. पहिल्या महिन्यात मासळीवालीने त्यांच्या गळ्यात शिळे बांगडे मारले, दुसऱ्या महिन्यात ते कल्ले उघडून पाहायला शिकले. असर ते मगरीब ते घराबाहेर असतात, मुद्दाम. तेवढा वेळ ओटा बायकांचा.

नोकरी करून निवृत्त झालेल्या बाईचे दुखणे वेगळेच. शिक्षिका किंवा परिचारिका घरी आली की कुणी तिला ‘आता आराम करा’ म्हणत नाही. ‘बरे झाले अम्मी, आता मुलांना पाळणाघरात ठेवायला नको,’ असे म्हणतात. तिने नोकरीही केली आणि स्वयंपाकही केला. आता नोकरी सुटली म्हणजे स्वयंपाक दुप्पट, असा हिशेब कोणत्या शाळेत शिकवतात ते कळत नाही. नातवंडे सांभाळणे हे सुख आहे, पण ते विचारून सोपवलेले असावे. सूनबाईंनीही हे ध्यानात घ्यावे, आणि सूनबाईंच्या नवऱ्यांनी जास्त.

नातवंडांपाशी मात्र बहुतेकांचे सूत जुळतेच. स्वतःची मुले लहान असताना आम्ही दौऱ्यावर होतो. मुलगा चालायला लागला ते पत्रातून कळले. आता नातू यस्सर्नल कुरआनचा कायदा घेऊन मांडीवर येतो आणि अलिफ-बे म्हणता म्हणता झोपी जातो. नमाजमध्ये तो पाठीवर चढला तर दटावू नये. पैगंबरांनी (स.) आपली नात उमामा हिला उचलून घेऊन नमाज अदा केली होती, सजद्यात जाताना ते तिला खाली ठेवीत आणि उठताना पुन्हा घेत. आमच्याकडे पुष्कळ घरांतली नातवंडे आखातात असतात. तिथल्या घड्याळाचा हिशेब आजी-आजोबांना तोंडपाठ असतो: दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, सौदी आणि कुवेत अडीच तास. इशानंतर फोन लावला की तिकडे मुले खेळून आलेली असतात. फोनवर ‘अभ्यास केला का?’ एवढेच विचारणारा दादा मुलांना लवकर कंटाळवाणा होतो. आपण शाळेत कसे जात होतो, पावसात साकव वाहून गेला तेव्हा काय केले, हे सांगितले तर ती पडद्याला चिकटून बसतात. तेवढ्यात मराठीही त्यांच्या कानांवर पडते.

आता पैशाचे. घरातले सुख बहुतेक वेळा इथेच बिघडते, म्हणून जरा सविस्तर.

१ नोव्हेंबर २००५ पूर्वी राज्य सरकारच्या सेवेत लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे. पूर्ण पेन्शन शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी असते. तिचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात, आणि कापला गेलेला भाग १५ वर्षांनी पुन्हा सुरू होतो. शिवाय ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, आणि ३०० दिवसांपर्यंतच्या शिल्लक अर्जित रजेचा पगार. म्हणजे जन्मात पाहिली नाही एवढी रक्कम एकदम खात्यावर येते. एसटीच्या माणसाचे तसे नाही. त्याची पेन्शन कर्मचारी भविष्य निधीच्या योजनेतली, आणि तिची किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपये एवढीच. त्याच्यासाठी हातात आलेली रक्कम हेच म्हातारपण. पैसे आले की थोरल्याला गाडी घ्यायची असते, मधल्याला दुकान टाकायचे असते, जावयालाही काही सुचते. व्याज नको म्हणून बँकेत ठेवायला मन कचरते, आणि त्याच कारणाने ‘नफ्यात भागीदारी’ म्हणून कागदाशिवाय रक्कम नातेवाइकाच्या हाती जाते. दोन-तीन वर्षांत धंदा बुडतो, पैसे जातात आणि नातेही. व्याज टाळावे हे खरेच, पण उधारी आणि भागीदारीचा करार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, हेसुद्धा कुरआनच सांगतो. सूरह बकरातली ती आयत सबंध कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे.

मुलांना द्यायचेच असेल तर एकाला देऊन बाकीच्यांना ‘तुमचे नंतर बघू’ म्हणू नये. नोमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी एकाच मुलाला देणगी दिली, तेव्हा पैगंबरांनी (स.) विचारले, सगळ्या मुलांना अशीच दिलीस का? नाही म्हटल्यावर त्यांनी साक्षीदार व्हायला नकार दिला. सगळ्या मुलांत मुलीही आल्या. लग्नात खर्च केला म्हणजे तिचा हिस्सा संपला, हा हिशेब आम्हांला मान्य नाही.

आणि महेर. निकाहनाम्यावर आकडा लिहिलेला असतो, ‘उधार’ असे पुढे लिहिलेले असते, आणि तो उधार मय्यतीच्या दिवशी माफ करून घ्यायची रीत पुष्कळ मोहल्ल्यांत आहे. रडत्या बाईला चार जणींनी कानात सांगायचे आणि तिने मान हलवायची. महेर हे कर्ज आहे. ग्रॅच्युइटी जमा झाली त्या आठवड्यात ते फेडून टाकावे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा आकडा आज इतका किरकोळ झालेला असतो की देताना लाज वाटावी. खुशीने वर चार पैसे घालायला कुणी अडवत नाही. एका सेवानिवृत्त टपाल कर्मचाऱ्याने महेरच्या रकमेवर स्वतःची भर घालून बायकोला सोन्याच्या पाटल्या आणल्या. तिने आधी विचारले, ‘कुणाच्या आहेत?’

मागे उरलेल्या रकमेची वाटणी कशी होते हेही घरात बोलून ठेवावे. आधी कर्ज फिटते, मग वसियत, तीही एक तृतीयांशाच्या आत, मग वारसांचे हिस्से. मुले असतील तर पत्नीला एक अष्टमांश. एवढ्याशा हिश्शावर ती कशी जगेल, याचा विचार हयातीतच करायचा. शिल्लक रकमेवर चांद्र वर्ष उलटले आणि ती निसाबाइतकी असेल तर चाळिसावा भाग जकात. दहा लाखांवर पंचवीस हजार. आणि हज. फर्ज झाला असेल तर ‘मुलीचे लग्न होऊ दे, घराचा माळा होऊ दे’ म्हणत लांबवू नये. सफा-मरवाच्या सात फेऱ्या मिळून तीन किलोमीटरच्या आसपास चाल होते, तवाफ वेगळा, मिनाचे चालणे वेगळे. गुडघे धड आहेत तोवर दोघांनी मिळून जावे.

शेवटी एक कागदाचे काम, जे आमच्याच घरांत जास्त अडते. नवऱ्याच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन पत्नीला मिळते, आणि नवऱ्याने पेन्शनचा भाग विकलेला असला तरी त्यामुळे ते कमी होत नाही. पण सेवापुस्तकात नाव खैरुन्निसा, आधारवर खैरूनबी, बँकेत खैरुन बेगम, आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचे आडनाव. ती एकच बाई आहे हे सिद्ध करायला विधवा बाईला कोषागाराच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, तेही इद्दतनंतर लगेच. नवरा हयात असताना हे काम अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि गरज पडली तर राजपत्रातली नोंद एवढ्यात होऊन जाते. पेन्शनच्या आदेशावर तिचे नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का पाहावे, खाते दोघांच्या नावे करावे, आणि नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जाताना तिलाही बरोबर न्यावे. कोणत्या खिडकीवर उभे राहायचे, कोणता कागद दाखवायचा, हे तिने एकदा पाहून ठेवलेले बरे. परतताना दोघांनी चहा प्यायला हरकत नाही.