परदेशातील अर्धवेळ काम : जोडधंदा म्हणून ठीक, भांडवल म्हणून नव्हे



दारात दुभती म्हैस असली म्हणजे मीठ-मिरचीला, पोरांच्या वह्या-पुस्तकांना आठवड्याचा पैसा हाती येतो. पण म्हशीच्या दुधावर विसंबून कोणी विहीर खोदायला घेत नाही. विहिरीला भांडवल वेगळे लागते, हे तुम्हांला मी सांगायला नको. परदेशात शिकायला जाणाऱ्या मुलामुलींच्या अर्धवेळ नोकरीचेही असेच आहे.

आता खेड्यापाड्यांतली मुलेही इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला शिकायला जाऊ लागली आहेत. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण एखादा एजंट ओसरीवर बसून सांगतो, "सुरुवातीची फी तेवढी भरा, पुढचे सगळे पोरगा तिकडे कमावून भागवील." या एका वाक्यावर जमीन गहाण पडते. म्हणून हे वाक्य सुपात घेऊन नीट पाखडून पाहू.

कष्टाची लाज नको

शिकता शिकता राबण्याची रीत आपल्याला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' हा मंत्र गरिबांच्या मुलांना दिला. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे अमेरिकेत मजुरी करून शेतीशास्त्र शिकले आणि पुढे मेक्सिकोत मक्यावर व गव्हावर नावाजलेले काम करून दाखवले. तेव्हा आपल्या मुलाने परक्या देशात हॉटेलात भांडी घासली, दुकानात माल लावला किंवा वृद्धाश्रमात सेवा केली, तर त्यात कमीपणा नाही. प्रश्न आहे तो किती काम करता येते आणि त्यातून काय भागते, याचा.

कायदा काय म्हणतो

इंग्लंडचे उदाहरण घेऊ. पदवी किंवा त्यावरचे शिक्षण घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला तेथे सत्र चालू असताना सोमवार ते रविवार या आठवड्यात बहुधा २० तासच काम करता येते. दोन ठिकाणी नोकरी धरली तरी दोन्ही मिळून तास २०च. सुटीत पूर्णवेळ काम चालते. पण एक वर्षाच्या मास्टर्सला उन्हाळ्यात प्रबंध लिहायचा असतो आणि बहुतेक विद्यापीठे तो काळ सत्रातच धरतात. म्हणजे 'उन्हाळ्यात भरपूर कमवील' हा हिशेब तेथेच कोलमडतो. शिवाय विद्यार्थ्याला स्वतःचा धंदा करता येत नाही. मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोचवण्याचे काम स्वतंत्र धंदा म्हणून करणेही त्यातच येते.

इतर देशांचे नियम वेगळे आहेत. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून सत्रात कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तास, तर ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास काम करता येते. जर्मनीत मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस अशी मर्यादा आहे. अमेरिकेत सत्रात २० तास, आणि पहिल्या वर्षी तेही विद्यापीठाच्या आवारातच. हे नियम बदलत राहतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या देशाच्या सरकारी माहितीशी ताडून पाहा, ऐकीव माहितीवर राहू नका.

आता हिशेब मांडू

इंग्लंडमध्ये २१ वर्षे व त्यावरील कामगाराची किमान मजुरी एप्रिल २०२६ पासून तासाला १२ पौंड ७१ पेन्स ठरली. वय १८ ते २० असेल तर १० पौंड ८५ पेन्स. मोठा दर धरला तर २० तासांचे २५४ पौंड, म्हणजे महिन्याला सरासरी ११०० पौंड होतात.

खर्चाच्या बाजूला काय आहे? लंडनबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याने महिन्याला ११७१ पौंड आणि लंडनमध्ये १५२९ पौंड जवळ असल्याचे दाखवावे, असे इंग्लंडच्या सरकारने नोव्हेंबर २०२५ पासून ठरवले. ही रक्कम फी सोडून केवळ राहण्या-खाण्याची. म्हणजे मुलाने एकही आठवडा न चुकता पूर्ण २० तास काम केले, तरी सरकारने धरलेला खर्चसुद्धा भरून निघत नाही. मग फी कशातून निघणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

प्रत्यक्षात विमानातून उतरल्या दिवशी काम मिळत नाही. परीक्षेच्या आठवड्यांत कामाला जाता येत नाही. आठवड्याला सरासरी १२ तास काम मिळाले असे धरले, तर महिन्याला साधारण ६६० पौंड येतील. यातून राहण्या-खाण्याचा निम्म्याहून थोडा अधिक भार हलका होईल. हा आधार लहान नाही, पण तो आधारच आहे.

आणखी एक सांगतो. पौंडाला रुपयांनी गुणून हरखून जाऊ नका. पौंडात मिळालेले पैसे भाड्यात आणि भाकरीत पौंडातच जातात.

पैसे दाखवणे आणि पैसे असणे

व्हिसासाठी नऊ महिन्यांचा खर्च, म्हणजे लंडनबाहेर १०,५३९ पौंड, खात्यात सलग २८ दिवस दाखवावा लागतो. फीची बाकी रक्कम निराळी. तेथे पुढे मिळणारी अर्धवेळ मजुरी त्यात धरत नाहीत. सरकारच जी कमाई मोजत नाही, ती आपण का मोजावी? काही जण २८ दिवसांपुरती उसनी रक्कम खात्यात ठेवून मग काढून घेतात. कागद पुरा होतो, पण पोर परमुलखात रिकाम्या हाताने उतरते. असे करू नका.

जमीन गहाण ठेवण्यापूर्वी

शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घ्यायला पुष्कळ बँका राजी नसतात. मग माणूस सावकाराकडे वळतो. तेथे एकदा सातबारा अडकला की घर अडकले. आधी बँकेत विचारा. शिक्षण चालू असतानाही कर्जावर व्याज चढत असते, ते किती होईल याचा आकडा लिहून घ्या. अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असावे लागते. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करायला एसटीचे तिकीट तेवढे लागते.

शिक्षण संपल्यावर तेथे राहून नोकरी शोधण्याची मुदतही आता आखडली आहे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएच.डी. झालेले सोडून, दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळणार. कर्जफेडीचा हिशेब करताना हे विसरू नका.

घरच्यांसाठी दोन शब्द

मुले तास का मोडतात? बहुतेक वेळा घरच्या ओढीने. दर रविवारी फोनवर "पैसे कधी पाठवतोस?" एवढेच कानी पडले, तर पोर चोरून जादा तास करते. मालकही हे ओळखून किमान मजुरीपेक्षा कमी पैसे रोखीने हातावर ठेवतो आणि पोराला तक्रार करता येत नाही. पकडले गेले तर व्हिसा रद्द होऊ शकतो. मग शिक्षणही गेले आणि कर्ज तेवढे उरले.

म्हणून मुलाला निघतानाच बजावा : पगाराची पावती दर वेळी घे, तासांची नोंद वहीत ठेव, मालकाने अडवणूक केली तर विद्यापीठाच्या विद्यार्थी कार्यालयात जा. इंग्लंडमध्ये 'एकास' ही संस्था कामगारांना फुकट सल्ला देते, तिचाही उपयोग कर.

आणि तुम्ही एवढे करा. मुलगा असो वा मुलगी, त्यांच्यासोबत बसून एका कागदावर फी, राहणे, विमानभाडे, कर्जाचे व्याज असे सगळे लिहा. अर्धवेळ कमाईचा रकाना कोरा सोडा. तो कोरा ठेवूनही पहिले वर्ष पार पडत असेल, तर खुशाल पाठवा. नसेल पडत, तर एक वर्ष थांबा, शिष्यवृत्तीचा अर्ज करा, कमी फीचे विद्यापीठ पाहा. एक हंगाम उशिरा पेरले म्हणून शेत कायमचे पडीक राहत नाही. विकलेले शेत मात्र परत मिळवणे फार कठीण असते.